काचपट्टी

टिळक रोडवरची लॅब तिसऱ्या मजल्यावर,
लिफ्टवर 'बंद आहे' ही पाटी, पाटीवर धूळ.
दर दहा पायऱ्यांनी तू थांबलीस
कठड्याला हात लावून,
खाली रिक्षा बघत असल्यासारखी.
मीही बघितली रिक्षा.

बत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली मी,
ओतूर, मग मंचर, शेवटची चार औंधला.
कानामागून, कासेतून, शेपटीच्या बुडातून
किती गोचिडं ओढली त्याची गणती नाही.
चिमटा कातडीला टेकवायचा, सरळ वर घ्यायचा,
पिळायचं नाही, चिरडायचं नाही,
रॉकेलच्या बाटलीत टाकायचं.
शंभर गड्यांना शिकवलं हे.
तुला शिकवायचं राहिलं.

गेल्या जूनमध्ये जर्मनीतल्या त्या जंगलात
तू झाडांचे घेर मोजत होतीस,
तेव्हाच फोटो पाठवलास:
पोटरीवर लाल कडं, मध्ये फिकट, बशीएवढं.
मी चष्मा न लावता लिहिलं,
'गजकर्ण वाटतंय, मलम लाव.'
अजून आहे ते तुझ्या फोनमध्ये.
तू पुसलं नाहीस.
पुस, असं मला म्हणवत नाही.

आजाराचं नाव लाइम, कळल्यावर तुझ्या आईनं
लिंबाचं लोणचं महिनाभर ताटात वाढलं नाही.
आपण दोघांनी तिला सांगितलंही नाही.

तीन आठवडे गोळ्या झाल्या. गुडघ्याची सूज उतरली.
पण रात्री दोनला तुझा सदरा पिळून निघतो,
आणि दूध आणायला खाली गेलीस
तर वर यायला तुला दहा मिनिटं लागतात.
पाळंदे डॉक्टर म्हणाल्या,
एका गोचिडाच्या तोंडी एकच आजार असेल
असं कुणी लिहून दिलंय?
मग त्यांनीच लिहून दिली तीन नावं.
मधलं मला कुणी वाचून दाखवावं लागलं नाही.

बबेसिया.
याच्या चुलतभावांना ओळखतो मी.
गाय चारा सोडते, लघवी कॉफीसारखी,
मालक म्हणतो, साहेब, उन्हाळी लागली असेल.
कानाच्या शिरेतून थेंब काचपट्टीवर घ्यायचा,
दुसऱ्या काचेच्या कडेनं ओढायचा, रंगवायचा, धुवायचा,
आणि लाल पेशीच्या आत
दोन इवलेसे पेरू, देठाशी जुळलेले.
मी ओरडायचो, सापडला!
गोठ्यातली बाई दचकायची.
माझा चहा त्या दिवशी गोड लागायचा.

काउंटरवर फॉर्म भरायला दिला.
आमच्या केसपेपरवर रकाना असायचा, मालकाचे नाव.
इथे, पेशंटशी नातं.
पेन तिथे जरा अडलं.
'वडील' लिहिताना वेलांटी चुकली, गिरवली.

आता कशाची इच्छा करू, सांग.
सापडावा, म्हणजे घामाला नाव मिळेल,
नावाला औषध.
सापडू नये, कारण तो तुझ्या रक्तात आहे.
आणि नाहीच सापडला, तर कुणाला विचारायचं?
एका काचेवर दिसला नाही म्हणजे नाहीच,
असं मी कुठल्या शेतकऱ्याला कधी म्हणालो नव्हतो.

लॅबमधली मुलगी नवखी. थेंब मोठा घेतला.
मला राहवलं नाही:
कोन जरा कमी कर बाळ, काच टेकवून ओढ, हात थांबवू नको.
ती माझ्याकडे बघतच राहिली.
तू म्हणालीस, बाबा, मी गाय नाहीये.
गाय असतीस तर सकाळीच मोकळे झालो असतो, मी म्हणालो,
आणि तू हसलीस, मोठ्यानं,
बाकड्यावरचे दोघं वळून बघतील इतकी,
मग धाप लागली, मग पुन्हा हसलीस.

दुसरी काच बरी ओढली तिनं.
शेवट पिसासारखा पातळ. उजेडात धरून दाखवली मला.
मी मान हलवली.

रिपोर्ट गुरुवारी.
तोवर रात्री दीडला उठतो,
तुझ्या दाराच्या कडीला
धुतलेला सदरा अडकवून ठेवतो,
आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता बसतो,
कडी वाजेपर्यंत.