खरखरीत चालतील

उत्तमनगरला, पिठाच्या गिरणीच्या वर.
जिना चढताना कठड्यातून थरथर हातात येते.
एक खोली, फरशीवर निळी गादी,
भिंतीला टेकून हेमांगी शिरोडे बसलेल्या,
नखं मुळापर्यंत कापलेली,
तळवे एकमेकांवर चोळत, ऊब येईपर्यंत.

आमची पोर सत्तेचाळीस दिवस काचेच्या पेटीत होती.
मनगटावरच्या पट्टीवर लिहिलेलं : बेबी ऑफ ज्योत्स्ना.
बारसं राहिलं ते राहिलंच.
घरी आली ती फक्त उजवीकडे बघायची,
डावीकडे जग नाहीच असं.
मी डावीकडे झोपायचो.

शेजारच्या काकू म्हणाल्या, तेल कोमट करा,
एकदा ओढून घ्या मान, सुटेल.
डॉक्टर म्हणाले, ओढायची नाही. कुणीच.
व्यायाम लिहून दिले,
आणि पाठीमागे हा पत्ता.

पहिल्या शनिवारी वाटलं, ही बाई काहीच करत नाही.
चारशे रुपये, आणि दोन बोटं मानेखाली,
एक हात पोटावर, नसल्यासारखा.
मी अंबडला, सीएनसीवर, अकरा वर्षं.
आमच्याकडे काम म्हणजे चिप उडते, कूलंट उडतं,
जॉब निघतो, मोजतो, क्रेटमध्ये पडतो.
इथे चालू होती ती फक्त खालची गिरणी.
विचारलं, सुरू कधी करणार?
म्हणाल्या, झालंय सुरू. ती ठरवतेय.

काय, ते सांगितलं नाही.

पोर रडली की हात थांबायचे.
उचलायच्या नाहीत, नुसते थांबवायच्या,
सिग्नलला इंजिन बंद न करता थांबावं तसे.

टाचांवर सुयांच्या खुणा. मोहरीएवढ्या.
मी मोजल्या होत्या, एकोणीस.
कुणाचाही हात तिथं गेला की पाय पोटाशी.
हात म्हणजे काय, ते पायाला पाठ होतं.
त्या टाचेला हात लावायच्या आधी
हेमांगीताई विचारायच्या, मोठ्यानं :
लावू?
पावणेतीन किलोच्या माणसाला.
आणि उत्तराची वाट बघायच्या.

तिसऱ्या शनिवारी लाइट गेली.
गिरणीचा पट्टा फडफडत, फडफडत गप्प झाला.
खाली कुणीतरी बाजरीचा डबा टेकवला.
तेवढ्या शांततेत तिनं जांभई दिली,
पायाच्या बोटांपासून सुरू झालेली,
आणि मूठ उघडली. आत दुपट्याचा एक धागा,
केव्हापासून धरलेला कोण जाणे.
ताई म्हणाल्या, आता तुम्ही.

मी हात मागे घेतले.
निरमा आणि साखर चोळून धुतले होते,
तरी रेषांतलं काळं जात नाही,
अंगठ्यात लोखंडाचं कुसळ.
म्हटलं, खरखरीत आहेत, मॅडम.
खरखरीत चालतील, त्या म्हणाल्या,
घाईचे नकोत.

दाब किती? मला आकडा हवा होता.
हसल्या. द्राक्षावर पांढरी झाक असते ना,
ती पुसली जाणार नाही इतका.
पिंपळगावला मामाच्या बागेत
घड आम्ही देठाला धरूनच काढायचो.
मला कळलं.

मग मी मान धरली.
धरली कसली, खाली हात ठेवले.
कोमट, आणि आत काहीतरी चालू,
बेअरिंगचा आवाज कानाआधी बोटाला लागतो तसं.
जावळाचा एक केस कुसळाला अडकला.
हललो नाही. मांडीला मुंग्या आल्या, तरी नाही.
मान वळली? नाही.
डोळे वळले. तेवढेच, डावीकडे.
ज्योत्स्ना म्हणाली, तुमच्याकडे बघितलं.
ताई काहीच बोलल्या नाहीत,
वहीत तारीख लिहिली.
लाइट आली. गिरणी सुरू.

रविवारी फर्स्ट शिफ्ट.
पहिला जॉब काढला, अजून गरम.
गेज लावायच्या आधी
अंगठा ठेवला त्याच्यावर. दाबला नाही.
सुपरवायझर आहेर म्हणाले,
काय रे, थांबलास कशाला?
फिनिश बघतोय, म्हटलं.