मुकुटाचे खांदे

लक्ष्मीपुरीत जिन्याखाली सहा फूट जागा, तेवढंच दुकान.
पितळ किलोवर येतं, मी ते भिंगाखाली धरतो.
लोक राजाचा चेहरा शोधतात. टोपीच्या बिल्ल्यावर चेहरा कुठला,
नुसता मुकुट असतो. त्याचे खांदे बघायचे.

थोरल्या राणीच्या मुकुटाचे खांदे रुंद, बसके,
राज्य करून करून दमल्यासारखे.
तिच्यामागून आलेल्या चार राजांनी
एकच मुकुट वापरला, घुमटासारखा गोल.
पहिलं महायुद्ध की दुसरं, ते त्यावरून कळत नाही,
त्याला अक्षरं लागतात, नाहीतर पाठीमागची कडी.
मग धाकटी राणी. तिच्या मुकुटाला वर मधोमध खळगा,
कुणी अंगठ्यानं हलकेच दाबावा तसा.
सन त्रेपन्न. त्याच्या आधी नाहीच.
आपलं स्वातंत्र्य तेव्हा नुकतं शाळेत जाऊ लागलेलं.

नेसरीकडच्या बाळाबाई आल्या, ऐंशी उलटलेल्या.
चंचीतनं बिल्ला काढला: बिगूल, वर मुकुट.
"माझ्या बाचा हाय ह्यो. चव्वेचाळीस साली बर्मात गेला,
मी आईच्या पोटात हुते."
नातू म्हणाला, "सन तेवढं सांगा, दस्तगीरभाई,
गावात चौथऱ्यावर काचेत बसवणार, खाली पाटी पाहिजे."

भिंग लावलं.
मधोमध खळगा.

माणूस गेल्यावर नऊ वर्षांनी ठोकलेलं पितळ.

बोललो नाही. चिंच लावली, घासत बसलो,
वेळ काढायला बिल्ला उलटा केला.
कडीशेजारी कानशीचे तीन उभे ओरखडे, एक आडवा.
ही अब्बांची खूण. तीन रुपये, घासाघीस नाही.

कुणाला विकला, ते वहीत असेल. वही वाळवीनं खाल्ली.
पण एक बाई दिसते मला,
पेन्शनीच्या रांगेतून परस्पर इकडं आलेली, पैसे पदराच्या गाठीत,
टोपलीतले बिल्ले खालीवर करत बिगूल शोधते,
मुकुटाकडं ढुंकून बघत नाही. तिला कशाला मुकुट?
घरी पोरगी रोज विचारते, बा कसा हुता.

"खरा हाय न्हवं ओ?"
"खरा आहे की."
"आणि सन?" नातवानं मोबाईलवर टाइप करायला बोट धरलेलं.

म्हणालो, मुकुटावरून नाही सांगता येत, पोरा.
चार राजांचा एकच असायचा.
वाक्य खरं होतं. या मुकुटाबद्दल नव्हतं एवढंच.

बाळाबाईंनी बिल्ला घेतला.
अंगठा न बघता खळग्यात जाऊन बसला,
रोजची जागा असावी.
"किती द्यायचं?"
"तीन रुपये."

नातू हसला, स्कॅनर कुठाय म्हणून भिंतीवर बघू लागला.
बाळाबाई हसल्या नाहीत.
पदराची गाठ सोडायला त्यांना बराच वेळ लागला.