वाजवी भीती

सीटखाली टॉमी आहे, चाक खोलायची.
जुन्या ओढणीत गुंडाळलेली, खडखडू नये म्हणून.
नाक्यावर उईके हवालदार बॅटरी मारतात.
"हे काहून?"
"स्टेपनीसाठी, साहेब."
"असू द्या. गाडीचं सामान हाय.
पण मांगच्या खेपेस सत्तूर होता, तो घरीच ठेवा.
तुमी रक्त पोचोता का काढता वो, बाई?"

झाडगावच्या दवाखान्यातून रोज सांजेला
मी रक्त नेते यवतमाळला.
निळा डबा, बर्फाच्या विटा, मधे चौदा-पंधरा नळ्या,
एकेकीवर नाव, वय, गाव, सिस्टरचं वाकडं अक्षर.
व्हॅन माझ्या नावावर आहे.
हप्ते अजून एकोणीस.

नगराळे वकीलबाईंना विचारलं होतं,
राळेगावच्या कोर्टाबाहेर, टपरीवर.
म्हणाल्या, जीव वाचवायचा हक्क आहेच तुला,
पण त्याला माप असतं.
जेवढा धोका तेवढाच हात.
तो पळाला की पाठीत वार नाही.
आणि भीती वाजवी पाहिजे.
"वाजवी म्हणजे किती?"
बाईंनी बशीतला चहा फुंकला.
"ते मग कोर्ट ठरवतं. फुरसतीनं."

घरात प्रत्येकाकडे एकेक उपाय.
मामेसासूनं भिवापुरी मिरचीची पुडी दिली, गिअरजवळ ठेवायला.
दीर म्हणाला, बाजूच्या सीटखाली बाप्या माणसाची चप्पल ठेव, दिसेल अशी.
पोरीनं फोन हातात घेऊन दाखवलं:
हे बटण तीनदा दाबायचं, एकशे बारा लागतो.
पुलापाशी रेंज जाते,
हे मी तिला सांगितलं नाही.
काच वर, लॉक आतून, डिझेल अर्ध्याखाली नाही,
थांबलं तरी पाय क्लचवर,
हे कुणी नाही शिकवलं.

तान्ह्या पोळ्याच्या रात्री पुलाअलीकडे
बाभळीची फांदी आडवी.
उजेडात दोन माणसं, एकाच्या हातात भाला.
मी उलटा गिअर टाकला
आणि मागचं चाक कडेच्या गाऱ्यात गेलं.
हॉर्नवर तळहात ठेवला, उचललाच नाही.
टॉमी मांडीवर कशी आली माहीत नाही.
पुडी दातानं फोडली.

भालेवाला काचेपाशी आला नाही.
दहा पावलांवरून ओरडला, आवाज चिरकलेला:
"कोन व्हय? पुन्हा आले का बे मोटारी न्यायले?"

मागच्या हप्त्यात दोन मोटारपंप गेले होते त्यांच्या शिवारातून.
पांढऱ्या व्हॅनमधून, म्हणे.
माझी व्हॅन पांढरी.

मी बोटभर काच खाली केली.
"रक्त हाय," म्हणाले.
हे काही बरोबर वाक्य नव्हतं.
भाला वर गेला.
"दवाखान्याचं! तपासायचं! झाडगावचं!"
आणि आतला दिवा लावून डबा उचलून धरला,
पाळण्यातलं लेकरू दाखवावं तसा.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
नाल्यात बेडकं.
मग दुसरा, म्हातारा, म्हणाला,
"लटारू, आपल्या वच्छलाचं बी असन त्यात. पाहा ना बाई."
पाहिलं. होतं.
वच्छला सोयाम, एकोणतीस, ताप सहा दिवस.

लटारूनं भाला खाली ठेवला,
टोक माझ्यापासून लांब करून.
दोघांनी मागून गाडी रेटली,
गारा त्यांच्या छातीपर्यंत उडाला.
माझे डोळे धो धो वाहत होते,
पुडी माझ्याच पदरावर सांडली होती.
"भेऊ नको वो बाई," तो म्हणाला.
त्याचेही हात कापत होते.
फांदी त्यानंच ओढली.

टॉमी मांडीवरून काढली मी,
पण तिसरा गिअर पडल्यावर.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर
उईकेंनी बॅटरी आत घातली
आणि चार शिंका दिल्या, एकामागोमाग.
"हे काहून?"
"सांडली, साहेब."