केसभर मागे

फॉर्ममध्ये पाच चौकोन होते.
ओरखडे. धूळ. बुरशी. सैल कडं.
कधी पडली होती का?

पडली होती. प्रभादेवीला, उपांत्य फेरीत.
एक कोपरारक्षक रेषेबाहेर घसरत माझ्या अंगावर आला,
मी आधी लेन्स सांभाळली, मग दात.
तरी ‘नाही’वर बोट ठेवलं.

बुरशीला मात्र ‘आहे’ म्हटलं.
ती लपत नाही. चारकोपच्या हवेत
लोणच्याला जे होतं तेच काचेला होतं.
सव्वीस वर्षं तांदळाच्या डब्यात ठेवली,
भात कमी आणि लेन्स जास्त जपली असं आई म्हणायची,
तरी कडेला एक पांढरा धागा आलाच.

न्यायला आलेल्या मुलाने
चारी बाजूंनी तिचे फोटो काढले, स्वतःच्या फोनवर.
इतक्या वर्षांत तिचा फोटो
कुणी काढलाच नव्हता.

बोली होती अठरा हजार चारशे.
मरोळच्या गोदामात कुणीतरी टॉर्च मारून पाहिलं,
आणि निरोप आला:
सुधारित भाव, बारा हजार नऊशे.
सुधारित म्हणजे कमी,
हे मराठी मी साठीत शिकले.
‘मान्य’ दाबलं. गॅसचं बिल होतं, गुडघा होता.

आठवड्याने ती तिथेच दिसली,
काळ्या मखमलीवर, दाखवायला बसवल्यासारखी.
‘उत्तम. किरकोळ वापराच्या खुणा.’
तेवीस हजार.
रोज रात्री बघायचे, गेली का.
एक दिवस गेली.

मग फोन.
हूडच्या आत पांढऱ्या रंगाने
गवाणकर आणि माझा नंबर लिहिलेला होता.
टॉर्च तिथवर पोचला नसावा.
‘मी तांडेल, भांडुप कोळीवाड्यातून.
पैसे परत नकोत हां, मावशी. फक्त विचारायचं होतं.
ही मागे बघते का?’

मी खुर्ची ओढून बसले.
हो रे, बघते. पहिल्या दिवसापासून.
डोळ्यावर नेम धरशील तर कानावर पडेल.
त्याला चौकोन नव्हता फॉर्ममध्ये.
असता तर काय केलं असतं, माहीत नाही.

मग त्याला ती अंतिम फेरी सांगितली.
चढाई करणारा बोनस मागत होता,
पुढचा पाय रेषेपार, मैदान उभं राहिलेलं,
मी धरला होता त्याचा चेहरा.
चेहरा गेला धुरात
आणि मागचा पाय आला असा, की अंगठ्याचं नख मोजावं:
मातीवर टेकलेला. बोनस नाहीच.
संध्याकाळच्या अंकात तेवढाच पाय छापला, तीन कॉलम.
पंच आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत.
संपादक म्हणाले, बाई, काय नेम आहे तुमचा.
मी गप्प राहिले. आज पहिल्यांदा कुणाला सांगतेय.

तो हसला. मागे इंजिनाची फटफट ऐकू येत होती,
बापाची होडी, खाडीत रोहित बघायला माणसं नेते.
म्हटलं, नेम धरलास की श्वास रोख
आणि कडं केसभर स्वतःकडे घे.
किती म्हणजे केसभर?
ते हाताला कळेल. मला तीन वर्षं लागली.

रविवारी त्याने फोटो पाठवला.
सकाळचा चिखल, त्यात एकटा रोहित पक्षी.
मोठा करून पाहिला.
चोच पुसट. डोळा पुसट.
पाय मात्र,
गुलाबी, बारीक, गाठीगाठीचा,
चिखलात नेमका कुठे टेकलाय
ते शपथेवर सांगता येईल.

त्याला लिहिलं, अजून थोडं.
मग उगीचच
तांदळाचा डबा उघडून हात घालून बघितला.