वाघीण, एकास सत्त्याऐंशी

दिवसा मी दात करते.
मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीत, जिन्याखालची खोली.
प्लास्टरचे जबडे फळीवर, प्रत्येकावर पेन्सिलीनं आडनाव:
खाडे, आवटी, नायकवडी,
एकावर नुसतंच ‘कुपवाडची मावशी’.
रात्री तीच पक्कड, तेच मेण, तीच कानस
आणि मी वाघीण करते.

वाघीण म्हणजे मालगाडीची.
मीटरगेजची, चार चाकी, बंद छपराची,
मधोमध एकच बफर.
तिचे रूळ केव्हाच उचलले,
दोन-चार तुकडे कुणाच्या गोठ्यात खांब म्हणून उभे असतील.
माझ्याकडे ती दीड आगपेटीएवढी.

तळाला सतारवाल्याकडच्या तुणाच्या ढलप्या.
रिव्हेटांसाठी गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी पत्रा,
पालथा घालून सुईनं टोचायचा,
एका बाजूला एकशे बारा.
त्र्याण्णवाव्याला हात हलला की पत्रा टाकून द्यायचा.
मी टाकलेत. एकदा रागानं, खिडकीतून.

दाराच्या फटीला चिमूटभर हळद लावली,
सांगलीच्या पेठेतली, खरी.
बाकी सगळं लहान करता येतं.
हळदीचा कण तेवढाच राहतो.

दस्तगीर मुजावर माप द्यायला आले.
वय एक्याऐंशी, दात शून्य.
सदतीस वर्षं यार्डात वाघिणी तपासल्या:
लांब दांड्याची हातोडी, चाकावर एक ठोका, आणि कान.
टण वाजलं तर जा.
भद वाजलं तर थांब.

मापाची लापशी घट्ट होईतो बोलता येत नाही.
तीन मिनिटं ते फळीकडे बघत राहिले.
चूळ भरली, उठले,
वाघीण तळहातावर घेतली आणि आधी उलटी केली
(बाकी सगळे छप्पर बघतात).
नखानं चाक वाजवलं. कानाशी नेलं.
म्हणाले, "शिक."

शिकतेच आहे की, मी म्हटलं,
शिकवणारं कोण आहे इथं?
ते मान हलवत राहिले. "शिक, शिक."
मग बोट ठेवलं ब्रेकच्या ठोकळ्यावर:
चाकाला चिकटलाय. अशी ओढली तर चाक घासून चपटं होईल.
मग छपरावर, माझ्या लाडक्या गंजावर:
"पाऊश वर पडतो, बाई. पाणी थांबतं कुठं?"
खाली. दाराच्या उंबऱ्याशी.
आणि कडीला गंज नसतोच,
कडी हमालांच्या हातांनी उजळते.

मी लिहून घेतलं त्यांच्याच कार्डावर,
‘वरचा जबडा, डावी कड कमी करणे’च्या खाली.

आठ दिवसांनी दात बसवले.
निळा कागद चावायला दिला, उंच टोकं घासली,
पुन्हा चावा, पुन्हा घासली.
आरसा पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला,
फळीकडे वळले
आणि नव्या दातांतून, शिट्टीसारखा स काढत म्हणाले,
"सिक.
सिक लाइनला काढा हिला."

हसताना माझ्या हातातला कागद पडला.
ते हसले नाहीत. कामावर होते.
सांगत राहिले: आजारी वाघिणीवर खडूची खूण,
मग कडेच्या रुळावर एकटी उभी.
लांबलांबून यायच्या, म्हणाले,
तुमच्या या गल्लीत येतात तशा.
काही बऱ्या होऊन गेल्या.
पैसे मोजून दिले, सुटे परत मागितले, गेले.

शेजारचा मुलगा हिला खेळणं म्हणतो.
मुजावर सिक म्हणाले.

गंज खाली उतरवला. कडी घासून उजळली.
एका केसाच्या कुंचल्यानं दारावर खडू काढायला बसले
आणि पहिल्याच अक्षराला अडले,
स की श.

दवाखान्याचा शेवटचा दिवा गेला, तरी अडलेलीच.
कोल्हापूरकडची मालगाडी गेली वाटतं,
फळीवरचे जबडे किंचित वाजले.
ब्रेक मी अजून सोडवलेला नाही.