पाचव्या दिवसाचं पाणी

सोलापुरात नळ पाचव्या दिवशी येतो.
कॉलेजात पहिलं पिंप मी यांच्यासाठी धरतो,
चोवीस तास उघडं ठेवतो,
क्लोरीन उडून जावं म्हणून.
आई म्हणते, माणसाला नाही आन् पालीला पाणी.

तळमजल्यावर आठ टाक्या.
पाटीवर लिहिलंय अ‍ॅक्सोलॉटल,
शिपाई मंडळी म्हणतात पांढरी पाल.
मी काहीच म्हणत नाही, गांडुळं मोजतो.
गुलाबी अंग, मानेशी तीन-तीन तुरे,
आणि चेहरा असा, की कुणीतरी आत्ताच
लग्नाची सुपारी फुटल्याचं सांगितलंय.
मोठं व्हायचंच नाही म्हणून बसलेली जात.
पिल्लपणीचे कल्ले तसेच ठेवून
पाण्यातच म्हातारी होते.

बिराजदार मॅडम बुधवारी हात कापतात.
आधी गुंगीचं पाणी, मग भिंगाखाली
कोपराजवळ एक बारीक कातर.
मी वेळ लिहितो. अकरा वीस.
रक्त फारसं येत नाही.
काही दिवसांनी टोकावर मोहरीएवढा फुगवटा,
मग त्याचं चपटं वल्हं,
वल्ह्याला चिरा, आणि एका सकाळी
चार बोटं.
त्यांना पुढं चारच असतात.

नानांना तीन आहेत, उजव्या हाताला.
दोन शांती चौकाजवळच्या कारखान्यात राहिली,
पट्टा आणि चाकाच्या मधे,
चादरीवर मोर उतरत असताना.
मालकानं ती चादर धुऊन घेतली.
विकली गेली.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला
आणि रात्री वीज गेली.
पाणी अठरा, वीस, बावीस.
मॅडमचा फोन लागेना.
मी घरी पळालो, बर्फाच्या बाटल्या काढल्या.
नाना खाटेवरून उठत म्हणाले,
बर्फ किती पुरंल? चादरी घे. मी येतो.

त्यांनी आठही टाक्यांना ओल्या चादरी गुंडाळल्या,
तीन बोटांनी गाठ मारत,
विणकराची गाठ, जी मला दहा बोटांनी जमत नाही.
मग मोबाइलच्या उजेडात सहा नंबरसमोर बसले.
त्याचा हात वल्ह्यापर्यंत आला होता.
‘नोस्तुंदा?’ त्यांनी काचेला विचारलं.
दुखतं का, हे ते तेलुगूतच विचारतात.
मराठी हिशोबासाठी.
मी म्हणालो, फार नाही, असं पुस्तकात आहे.
‘तुला नाही विचारलं.’

पहाटे साडेचारला वीज आली.
सगळे जिवंत, सगळे तसेच हसरे.
नानांनी चादरी बादलीत पिळल्या,
पाणी फेकू नको म्हणाले, कुंड्यांना घाल.
जिन्यावर थांबून नसलेलं बोट खाजवलं,
हवेतच,
जिथं ते असायला हवं तिथं.

नोंदवहीत लिहिलं:
वीज नाही, साडेदहा ते साडेचार.
ओलं कापड वापरलं.
कुणाचं, याला रकाना नाही.
सहा नंबर: वल्ह्याला पहिली चीर.
पिंपात पाणी चार बोटं.
नळ परवा.