नवाचा थेंब

फ्रिजच्या दारात, कोकमाच्या बाटलीशेजारी
बोटाएवढी एक कुपी उभी असते.
रात्री नऊला मी हात धुते,
हे खुर्चीत मान मागे टाकतात
आणि कौलांना विचारतात, "आधी कुठला?"
दोन्ही, मी म्हणते. वर बघा.

तीस वर्षं यांनी दुर्भाटच्या खाजणावर मानस सांभाळली.
भरतीला लाकडी दार मिटायचं, ओहोटीला उघडायचं;
अडकलं, की हे अर्ध्या रात्री कंदील घेऊन बांधावर.
जुवारीचा चढ यांना झोपेत कळायचा.
स्वतःच्या डोळ्यात पाणी तुंबतंय
हे मात्र कळलं नाही.
दुखत नाही ना ते.

ताटातलं डावं लोणचं रोज तसंच राहायचं.
मला वाटलं, मीठ कमी करतायत.

फोंड्याच्या डॉक्टर कुएलोबाईंनी
डोळ्यावर निळा उजेड टेकवला:
बत्तीस. उजव्यात सव्वीस.
मग पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं,
ठिपका दिसला की बटण दाबायचं.
मी मागे बसून
न वाजलेलं बटण ऐकत होते.

"गेलेलं परत येणार नाही," बाई म्हणाल्या,
"उरलेलं राखायचं."
हे हसले.
खाऱ्या पाण्याने घेतलेलं शेत
तीन पावसाळे भात देत नाही,
हे यांना कोण सांगणार?

लेझर झालं, पाच मिनिटांचं.
पाणी निघतं ती जाळी मोकळी केली म्हणे.
"म्हणजे गाळ उपसला," हे म्हणाले.
तरी थेंब आहेच. जन्मभर.

थेंबाने डोळा चुरचुरतो, लाल होतो,
पापण्या मात्र लांब झाल्यात, वासरासारख्या.
शेजारची एस्पेरान्सा विचारते,
मला मिळेल का गं हे औषध?
औषध घशात उतरू नये म्हणून
नाकाजवळचा कोपरा मी दाबून धरते.
तेवढं एक मिनिट आम्ही बोलत नाही.
चाळीस वर्षांत इतक्या जवळून
यांचा चेहरा मी बघितला नव्हता.

परवा अठरा आलं. उजव्यात सोळा.
कॅलेंडरवर, जिथे भरतीच्या वेळा लिहायचे,
तिथे यांनी ते लिहिलं.

काल कवळ्याला लग्न होतं, थेंब राहिला.
रात्री दीडला हे उठून बसले:
"दार अडकलंय कुठलंतरी."
मी दिवा लावला.
हात धुतले.